पाहिलेला चित्रपट आणि सांगितलेला चित्रपट

१

चित्रपटाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक सामान्यतः तीन साधनांवर विसंबतात. पहिले साधन म्हणजे प्रत्यक्ष चित्रपट, दुसरे निर्मात्या संस्थेची कागदपत्रे आणि तिसरे नियतकालिकांतील परीक्षणे. ह्याखेरीज एक चौथे साधन आहे. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही आणि म्हणूनच बहुधा त्याकडे दुर्लक्ष झाले आहे. चित्रपट पाहून आलेला मनुष्य न पाहिलेल्या मनुष्यास जे सांगतो, 'अवश्य पाहा' म्हणतो किंवा 'पैसे फुकट घालवू नका' म्हणून सावध करतो, ते हे साधन होय. प्रस्तुत लेखात ह्या तोंडी अभिप्रायाचा, म्हणजे प्रेक्षकाने प्रेक्षकास केलेल्या शिफारशीचा, मराठी मुलखापुरता थोडासा मागोवा घेण्याचा विचार आहे.

हा विषय सुचण्याचे कारण स्थानिक आहे. लेखकाचे वास्तव्य सिल्वासा येथे आहे. दादरा व नगर हवेली हा ७२ गावांचा आणि सुमारे ४९१ चौरस किलोमीटरांचा लहानसा मुलूख. नगर हवेली १७८३ साली आणि दादरा १७८५ साली पोर्तुगीजांकडे गेले आणि १९५४ पर्यंत ते त्यांच्याच अमलाखाली होते. येथे वारली, गुजराती, मराठी, हिंदी अशा अनेक भाषा शेजारीशेजारी नांदतात. अशा सीमेवरच्या गावी मराठी चित्रपट क्वचितच चालत येतो. मराठी चित्रपटाची वार्ता मात्र येते. पुण्यामुंबईस जाऊन आलेला पाहुणा, सुटीहून परतलेला शिक्षक, सासरहून माहेरी आलेली लेक ही मंडळी ती घेऊन येतात. किंबहुना येथील जुन्या पिढीतील कित्येकांनी मराठी चित्रपट डोळ्यांनी पाहण्यापूर्वी कानांनी ऐकला, असे म्हणावयास हरकत नाही. मोठ्या शहरातील प्रेक्षकास शिफारस ही तिकीट काढण्यापूर्वीची पायरी असते. आमच्याकडे पुष्कळदा तीच शेवटची पायरी ठरली.

२

ह्या शिफारशीचा आरंभ शोधू गेल्यास आपण थेट दादासाहेब फाळके ह्यांच्या घरात येऊन पोहोचतो. १९१०–११च्या सुमारास गिरगावातील 'अमेरिका-इंडिया' ह्या चित्रगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला आणि तो पाहताना राम-कृष्णांच्या मूर्ती त्यांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या, ही हकीकत सुपरिचित आहे. 'नवयुग' मासिकातील आपल्या लेखमालेत त्यांनी स्वतःच ती नोंदविली आहे. परंतु ह्या हकीकतीतील एक लहानसा भाग आपण सहज ओलांडून जातो. तो चित्रपट त्यांनी एकट्याने पाहून सोडून दिला नाही. पत्नी सरस्वतीबाई ह्यांना सोबत नेऊन तो त्यांनी पुन्हा पाहिला. आपण पाहिले ते दुसऱ्यास दाखविल्याशिवाय चैन पडू नये, हा प्रेक्षकाचा स्वभावधर्मच होय. भारतीय चित्रपटाच्या जनकाने निर्माता होण्यापूर्वी प्रथम काय केले असेल, तर एका चित्रपटाची शिफारस केली.

पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला. हाच चित्रपट घेऊन फाळके सुरतेस गेले तेव्हाची एक गोष्ट त्यांचे चरित्रकार सांगतात. पहिल्या दिवशी प्रेक्षक फारच थोडे आले. दोन आण्यांत सहा-सहा तासांचे नाटक पाहण्याची सवय असलेल्या लोकांना दीड तासाच्या खेळाचे तीन आणे जड वाटत होते. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली, की केवळ तीन आण्यांत ५७ हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र पाहावयास मिळेल. जाहिरात लागू पडली आणि गर्दी लोटली.

ह्या जाहिरातीचे गणित वर्गात फळ्यावर मांडून पाहण्यासारखे आहे. त्या प्रकारच्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे मावतात. ५७ हजारांना १६ने भागले असता सुमारे ३,५६२ फूट येतात, आणि 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फुटांच्या आसपास सांगितली जाते. अर्थात छायाचित्रांचा आकडा बहुतांशी प्रामाणिक होता. मैल मात्र ५,२८० फुटांचा असतो. म्हणजे फाळक्यांचे दोन मैलांचे चित्र वस्तुतः पाऊण मैलाहूनही आखूड होते! त्यांना दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. आपला माल खपविणाऱ्यास इतकी सूट लोकव्यवहारात मिळतच असते. मुद्दा निराळा आहे. जाहिरात मोजमाप सांगते आणि मोजमाप फुगविते. चित्रपट पाहून बाहेर पडलेला सुरतकर घरी जाऊन फुटांचा हिशेब सांगत बसला नसेल. राजाने राज्य कसे सोडले, राणी कशी रडली, हेच त्याने सांगितले असेल. जाहिरातीने प्रेक्षक पहिल्यांदा दारापर्यंत आला. त्याचा शेजारी आला असेल तर तो त्याच्या सांगण्याने.

१९१७ साली फाळक्यांचा 'लंकादहन' गिरगावात लागला. त्यात राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके ह्या एकाच नटाने केल्या होत्या. पडद्यावर राम प्रकट होताच प्रेक्षक पायांतील जोडे काढून ठेवीत, असे सांगतात. हाही एक अभिप्रायच म्हणावयाचा. छापील परीक्षणाची तेथे वाट पाहावी लागत नव्हती. देवदर्शनाहून परतणारा मनुष्य जसा 'तुम्हीही जाऊन या' असे सहज म्हणतो, तशीच ह्या चित्रपटाची शिफारस होत गेली असली पाहिजे. कथाकीर्तन ऐकून घरी आल्यावर ते जसेच्या तसे घरच्यांना सांगण्याची चाल आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या होतीच. चित्रपटाच्या वाट्याला हे तयार सांगणारे आणि तयार ऐकणारे आयते आले.

३

सामान्य प्रेक्षकास काय वाटते, हे जाणून घेण्याची गरज सरकारला प्रथम भासली ती १९२७ साली. दिवाणबहादूर टी. रंगाचारियार ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीने ४,३२५ प्रश्नावल्या पाठविल्या आणि ३५३ साक्षीदारांच्या साक्षी घेतल्या. १९२८ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. चित्रपटाविषयी मते गोळा करण्याचा एवढा मोठा उद्योग आपल्या देशात त्यापूर्वी झाला नव्हता आणि आजही ह्या साक्षींचे खंड अभ्यासकास उपयोगी पडतात. तथापि ते चाळताना एक उणीव जाणवते. ज्यांना विचारावयाचे त्यांची निवड करताना समितीचे लक्ष अधिकारी, व्यावसायिक, संपादक, शिक्षणतज्ज्ञ अशा प्रतिष्ठितांकडे अधिक गेले. चार आण्यांच्या जागेवर बसणाऱ्याचे म्हणणे इतरांच्या तोंडूनच ऐकावयास मिळते. महात्मा गांधींनाही प्रश्नावली गेली होती. आपण चित्रपटास कधी गेलो नाही, असे प्रांजळपणे सांगूनही चित्रपटाने अनर्थ केला आहे असे आपले मत त्यांनी कळविले. त्यांच्या नैतिक अधिकाराविषयी कोणास शंका नाही. परंतु न पाहता दिलेले मत आणि पाहून दिलेले मत ह्यांत भेद असतो, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. तोच नियम थोरांनाही लागू करावयास हवा.

सामान्य प्रेक्षकाच्या मताला छापील जागा मिळाली ती पुढे १९३५ पासून. त्या वर्षी बाबुराव पटेल ह्यांनी 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक सुरू केले. बाबुराव हे पालघरजवळच्या मासवणचे, म्हणजे आमच्या ह्या मुलखाच्या शेजारचेच. त्यांची परीक्षणे बोचरी असत आणि पुष्कळदा अन्यायकारकही. परंतु त्यांच्या मासिकाचे खरे आकर्षण होते ते वाचकांच्या प्रश्नांना संपादकांनी दिलेल्या उत्तरांचे सदर. गावोगावचे वाचक पत्रे लिहीत आणि छापून येणाऱ्या उत्तराची वाट पाहत. त्यांतील अनेक प्रश्नांचा चित्रपटाशी संबंधही नसे. एक गोष्ट मात्र ह्या सदराने घडवून आणली. आपल्या आवडीनिवडीचा जाब आपण छापील पानावर विचारू शकतो, हा आत्मविश्वास प्रेक्षकाला आला. सदराचा दोषही सांगावयास हवा. तेथे संवाद वाचक आणि संपादक ह्यांच्यात होता. वाचक आणि वाचक ह्यांच्यात नव्हता. अखेरचा शब्द संपादकांचाच असे.

४

प्रेक्षकांनी प्रेक्षकांशी केलेल्या बोलण्याचा पुरावा कोठे शोधावा? आमच्या मते तो चित्रपटगृहाच्या आठवड्यांत सापडतो. प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६च्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात लागला आणि तेथे ५७ आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याचा गौरव झाला. व्हेनिसची वार्ता येण्यापूर्वीच मुंबईच्या प्रेक्षकांनी आपला निकाल दिलेला होता, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. जाहिरातीचा जोर पहिल्या काही आठवड्यांत असतो; वृत्तपत्री परीक्षणाचे आयुष्य तर त्याहूनही अल्प. मग तिसाव्या किंवा पन्नासाव्या आठवड्यात खुर्च्या भरतात त्या कशामुळे? एक तर पूर्वी पाहून गेलेला मनुष्य पुन्हा येतो, किंवा त्याने पाठविलेला मनुष्य येतो. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम पाहून आलेल्या सासूने सुनेला, मालकाने गड्याला, वारकऱ्याने वारकऱ्याला काय सांगितले, ते कोठेही लिहिलेले नाही. ५७ हा आकडा हीच त्याची एकमेव नोंद.

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरण म्हणून १९५९ सालच्या 'सांगत्ये ऐका'चा विचार करावा. अनंत माने ह्यांनी दिग्दर्शित केलेला आणि हंसा वाडकरांच्या भूमिकेने गाजलेला हा तमाशापट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. तमाशा ह्या शब्दानेच नाके मुरडणारा वर्ग त्या काळी लहान नव्हता आणि वाङ्मयीन चर्चेत त्याचेच मत अधिक उमटत होते. छापील मत एकीकडे आणि बोललेले मत दुसरीकडे, अशी फारकत झाली म्हणजे इतिहासकाराने कोणास प्रमाण मानावे? दोहोंपैकी एकास खोटे ठरविण्याचे कारण नाही. दोन निराळ्या समाजांनी आपापल्या घरात केलेले ते बोलणे आहे. त्यांतील एकाच समाजाच्या हाती लेखणी होती, एवढेच. 'संत तुकाराम'ची शिफारस घरात मोठ्याने करता येत होती. 'सांगत्ये ऐका'ची कित्येकांना हळू आवाजात करावी लागली असेल. परंतु ती झाली, आणि पुष्कळ झाली, हे १३१ आठवडे सांगतात.

५

आता १९५४ ह्या वर्षाकडे वळू. आमच्या मुलखाच्या दृष्टीने हे वर्ष मुक्तीचे. २२ जुलै रोजी दादरा मुक्त झाले आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा. ह्या सशस्त्र लढ्यात चित्रपटसृष्टीतील एक मनुष्य प्रत्यक्ष सामील झाला होता. ते म्हणजे संगीतकार व गायक सुधीर फडके. लढ्याच्या निधीसाठी पुण्यात लता मंगेशकर ह्यांचा गायनाचा कार्यक्रम झाला होता. जी चित्रपटसृष्टी आमच्या गावापर्यंत पोहोचली नव्हती, तिच्यातील माणसे आणि तिच्या रसिकांनी तिकिटापोटी दिलेले पैसे अशा रीतीने येथे येऊन पोहोचले.

चित्रपटाच्या अभिप्रायाच्या इतिहासातही हेच वर्ष महत्त्वाचे ठरावे, हा योगायोग होय. मार्च १९५४ मध्ये 'फिल्मफेअर' नियतकालिकाने वाचकांची मते मागवून पहिली पारितोषिके दिली. उत्कृष्ट चित्रपटाचा मान बिमल रॉय ह्यांच्या 'दो बीघा जमीन'ला मिळाला. प्रेक्षकाचे मत आता मोजले जाऊ लागले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भारत सरकारने १९५३ सालच्या चित्रपटांना पहिली राजकीय पारितोषिके दिली आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे ह्यांच्या 'श्यामची आई' ह्या मराठी चित्रपटास लाभले. जाणत्यांच्या मतावर शासनाची मुद्रा उमटू लागली. मतगणना आणि पदक अशा ह्या दोन वाटा तेव्हापासून आजतागायत चालू आहेत. तिसरी वाट आमच्यासारख्या गावांतून जात होती. तिची नोंद कोणी केली नाही.

ह्या तिसऱ्या वाटेचा एक अनुभव येथे सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी खानवेलच्या बाजूस एका खेड्यात शाळेच्या कामानिमित्त जाणे झाले. तेथे एका वृद्ध गृहस्थांशी बोलताना 'श्यामची आई'चा विषय निघाला. त्यांनी तो चित्रपट आरंभापासून सांगावयास घेतला. श्याम पोहावयास भितो आणि आई हाती शिंपटी घेऊन त्याला घराबाहेर काढते, हा प्रसंग त्यांनी उभे राहून सांगितला. पुढे, न्हाऊन ओले झालेले पाय मळू नयेत म्हणून श्याम हट्ट करतो आणि आई पदर पसरते, तेथे आल्यावर त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि अंगणातील मातीवर अंथरला. क्षणभर कोणी बोलले नाही. नंतर लेखकाने विचारले, "बाबा, हा चित्रपट आपण कोठे पाहिलात?" ते हसून म्हणाले, "मी कुठला पाहतो, गुरुजी! आमचे मास्तर सुटीहून आले, त्यांनी सांगितला. त्यांनी उपरणं पसरलं होतं."

ते मास्तर कोण, कोठले, हे त्या गृहस्थांना आठवत नव्हते. ह्या कथनात साने गुरुजींच्या पुस्तकाचा भाग किती आणि अत्र्यांच्या चित्रपटाचा किती, हेही त्यांना सांगता आले नाही. बहुधा मास्तरांनीच दोहोंचे मिश्रण केले असावे. पुरावा म्हणून असे कथन वापरताना सावध राहावे लागेल, हे उघड आहे. पण ते टाकून मात्र देता येणार नाही. पडद्यावरच्या आईचा पदर एका शिक्षकाच्या उपरण्यातून एका विद्यार्थ्याच्या पंच्यापर्यंत येतो आणि मध्ये साठाहून अधिक वर्षे लोटलेली असतात. कोणत्या परीक्षणाने एवढा पल्ला गाठला आहे?

६

शहरांत ह्या बोलण्याला पुढे शिस्त आली. १९४७ साली सत्यजित राय आणि त्यांच्या स्नेह्यांनी कलकत्त्यास चित्रपट मंडळ स्थापन केले. १९५९ साली अशा मंडळांचा महासंघ झाला. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळाची स्थापना झाली. चित्रपट पाहावा, नंतर बसून त्याविषयी बोलावे, आवडला तर का आणि नावडला तर का हे सांगावे, ही सवय ह्या मंडळांनी मराठी रसिकांस लाविली. तत्पूर्वी १९६० साली पुण्यात, प्रभातच्याच जुन्या वास्तूत, चित्रपटशिक्षणाची संस्था निघाली होती आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. 'अवश्य पाहा' ह्या दोन शब्दांना 'का पाहावा' ह्याचे उत्तर जोडणे, हे ह्या सर्व खटाटोपाचे सार होय.

प्रेक्षकाच्या मतात केवढे बळ असते, ह्याचे एक उदाहरण अलीकडचे आहे. 'श्यामची आई'नंतर सुमारे अर्धशतकाने संदीप सावंत ह्यांच्या 'श्वास' ह्या मराठी चित्रपटास राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले आणि २००४ साली ऑस्करसाठी भारताचा चित्रपट म्हणून त्याची निवड झाली. तेथे त्याचा प्रचार करावयास निर्मात्यांजवळ पैसा नव्हता. तेव्हा सामान्य लोकांनी, अगदी शाळांतील मुलांनीही, आपापल्या परीने वर्गणी दिली. लोकांनी एकमेकांस केलेली शिफारस ह्या वेळी नाण्यांच्या रूपाने साठली.

असे असता हा तोंडी अभिप्राय जपून ठेवण्याची गरज का, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर चित्रपटाच्या नश्वरतेत आहे. मूकपटांच्या काळात भारतात सुमारे तेराशे चित्रपट तयार झाले. त्यांतील फारच थोडे आज पाहावयास मिळतात. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचेच राहिले आहे. जो चित्रपट जळून अथवा कुजून नाहीसा झाला, त्याविषयी आपल्याला जे काही कळते ते कोणीतरी पाहिले आणि सांगितले म्हणून. अशा चित्रपटांच्या बाबतीत आपण सर्वच जण त्या खेड्यातील वृद्ध गृहस्थांच्या जागी आहोत. आज कोणाचेही मत हातातल्या फोनवरून क्षणार्धात शंभर ठिकाणी जाते हे खरे. परंतु त्या मतात बहुधा एखादे विशेषण किंवा पाचांपैकी दिलेले गुण एवढाच ऐवज असतो. तेवढ्यावरून चित्रपट सांगता येत नाही, आणि उद्या चित्रपट नाहीसा झाल्यास त्यातून काही हातीही लागणार नाही.

म्हणून शिक्षकबंधूंपुढे आणि परिषदेच्या सभासदांपुढे एक लहानशी सूचना ठेवावीशी वाटते. आपल्या आसपास ऐंशी-नव्वदीची जी माणसे आहेत, विशेषतः सीमेवरच्या गावांतून, त्यांना चार प्रश्न विचारावेत: कोणता चित्रपट तुम्ही पाहिला किंवा ऐकला? कोठे आणि कोणाच्या सोबतीने? तो पाहा असे तुम्हांस कोणी सांगितले? आणि तुम्ही पुढे कोणास सांगितले? उत्तरे त्यांच्याच बोलीत, वारलीमिश्रित असोत की गुजरातीमिश्रित, जशीच्या तशी उतरून घ्यावीत. आमच्या शाळेत सोमवारचा एक तास ह्यासाठी राखून ठेवला आहे. त्या तासाला मुले आजीआजोबांकडून ऐकलेला एखादा जुना चित्रपट वर्गाला सांगतात आणि मग तो वहीत लिहितात. 'छान आहे' एवढ्यावर भागत नाही. एक तरी प्रसंग सांगावाच लागतो. वही अजून लहान आहे.

त्या वृद्ध गृहस्थांकडे पुन्हा जावे आणि सारे कथन लिहून घ्यावे, असे त्याच दिवशी मनाशी ठरविले होते. परीक्षा आल्या, नंतर पाऊस आला. जाणे झाले तेव्हा ते नव्हते. वहीचे पहिले पान त्यांच्यासाठी कोरे ठेवले आहे.